तिसरी ओळ

नाना गेल्याचं कार्ड जळगावला पोचलं तेव्हा मी शाळेत वह्या तपासत होतो. त्यांच्या मुलाने धुळ्याहून धाडलेलं. तोवर तेरावंही उरकलं होतं. उरलेल्या वह्या मी तपासून टाकल्या. दुसरं काय करावं ते सुचेना.

नाना म्हणजे धुळ्याच्या शाळेतले इंग्रजीचे ज्येष्ठ मास्तर. स्वातंत्र्यानंतर तीन-चार वर्षांनी मी तिथे लागलो, तो त्यांच्याच शेजारच्या खुर्चीवर. तरुणपणी, पहिल्या महायुद्धात, पलटणीचे कारकून म्हणून ते फ्रान्सात राहिले आणि एका पाववालीकडून तिची भाषा शिकून आले. तेव्हापासून एकच नाद, दोन्ही भाषांतले वाक्प्रचार शेजारी मांडून बघायचा. इंग्रजाचा आवाज बसला की त्याच्या घशात बेडूक असतो, फ्रेंच माणसाच्या घशात मांजर. पाऊस कोसळला की इंग्रजाकडे कुत्री-मांजरं पडतात, फ्रेंचाकडे दोरखंड. निरोप न घेता कोणी सटकला, तर इंग्रज म्हणणार फ्रेंचासारखा गेला आणि फ्रेंच म्हणणार इंग्रजासारखा. "पळपुटा तेवढा शेजारचा," म्हणत नाना डोळ्यांत पाणी येईतो हसत.

एकेका चिठ्ठीवर ते पहिल्या ओळीत इंग्रजी लिहीत, दुसरीत फ्रेंच. तिसरी ओळ आपल्या खानदेशाची. तिथे मनचं काही लिहायचं नाही, हा दंडक. बाजारात, स्टँडवर, कुणाच्या तोंडून कानावर पडलं तरच लिहायचं, पुढे बोलणाऱ्याचं नाव-गाव. एक चिठ्ठी मात्र अडली होती. कधीच न होणाऱ्या गोष्टीला इंग्रज म्हणतो, डुकरं उडतील तेव्हा. फ्रेंच म्हणतो, कोंबड्यांना दात येतील तेव्हा. नाना रोज विचारत, "काही सापडलं का रे?" एकदा दोंडाईच्याहून परतल्यावर त्या विचारण्याला कंटाळून मी ठोकून दिलं, "स्टेशनवर एक गाडीवान म्हणाला, कपाशीले केळा लागतीन तवय." नाना इतके खूश झाले की सगळ्या मास्तरांना चहा पाजला. खरं सांगायची वेळ तीच होती. मी चहा प्यालो.

पण नानांना गाडीवानाचं नाव हवं होतं. "विचारलं नाहीस?... बरं, मी विचारून येतो." दोन रविवार ते दोंडाईच्यात, पुढे शिंदखेड्यातही, गाडीवानांना गाठत हिंडले आणि हात हलवत परतले. मला एका शब्दानेही बोलले नाहीत. पुढे मी जळगावची नोकरी धरली. दर दिवाळीला ठरवायचो, या खेपेला जाऊन सांगून टाकू. गेलो नाही. त्याची लाज वाटते.

महिन्याभराने धुळ्याला गेलो. अक्कांनी, म्हणजे नानांच्या पत्नींनी, चिठ्ठ्यांचा डबा पुढ्यात ठेवला आणि घेऊन जायला सांगितलं. "हाई बठ्ठं तुनं शे, भाऊ. लई जाय."

ती चिठ्ठी लगेच सापडली. तिसरी ओळ तशीच होती. पुढचं 'गाडीवान, दोंडाईचा' खोडून नानांनी सुवाच्य अक्षरात माझं नाव लिहिलं होतं, गाव रावेर, केळीबागांतलं माझं जन्मगाव. म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. दंडकही मोडला नव्हता. त्यांनी ते माझ्याच तोंडून ऐकलं होतं.

चहा संपवून मी विचारलं, "अक्का, नाना कधी माझ्यावर रागावले होते का?"

"त्यास्ना आन् तुनावर राग?" अक्का कप उचलता उचलता म्हणाल्या, "कपाशीले केळा लागतीन तवय."

मी खिशातून पेन काढलं आणि माझ्या नावाखाली अक्कांचं नाव लिहिलं.