यंत्राने गुणाबाईंना मांजर ठरवलं

आमचा धनेश म्हात्रे सेन्सर बसवतो. द्रोणागिरीच्या गोदामांत, नेऱ्याच्या फार्महाउसांवर काही हललं की बोंब मारणारी यंत्रं बहुतेक त्याचीच. गिऱ्हाईकाने नुसतं "एक सेन्सर द्या" म्हटलं, की हा वधूपित्यासारखा चौकशीला बसतो. घरात कोण कोण? कुत्रं आहे? पडदे हलतात? अंगाची ऊब ओळखणारा हवा, की लहरी सोडून हालचाल टिपणारा? गिऱ्हाईक चहा पाजून पाजून थकतं.

स्वतःच्या आईसाठी निवडताना मात्र त्याने कुणाला काही विचारलं नाही.

गुणाबाई नेऱ्यात एकट्या राहतात. मध्यंतरी न्हाणीत घसरल्या, तेव्हापासून धनेश आणि त्याची बायको दिपिका त्यांना नवीन पनवेलच्या फ्लॅटवर न्यायला टपलेली. "थितं तिसऱ्या माल्यावर सुकट कुठं वाळवू?" हा गुणाबाईंचा बिनतोड सवाल. शेवटी तह झाला. घरात सेन्सर लावायचा. बराच वेळ हालचाल दिसली नाही तर धनेशच्या मोबाइलवर इशारा. यंत्र निभावलं तर नेरे, नाहीतर फ्लॅट.

सुकट म्हणजे मांजरं आलीच. म्हणून धनेशने ऊब ओळखणारा, पण जमिनीलगतच्या जनावरांकडे कानाडोळा करणारा सेन्सर भिंतीवर उंच ठोकला आणि स्वतःवरच खूश झाला.

दुसऱ्याच दिवशी इशारा आला. आई फोन उचलेना. द्रोणागिरीहून बाइक हाणत येताना त्याच्या डोळ्यांपुढे काय काय आलं, ते तो कुणाला सांगत नाही. दार ढकललं, तर गुणाबाई जमिनीवर पाय पसरून सुकट निवडतायत.

"आये! फोन का नाय उचललास?"

"हात सुकटीचं हाईत. आनि तुज्या मशिनीला मी दिसत नाय व्हय? सकालधरनं सरकतेच हाय ना!"

निवडणं, चिरणं, अगदी भांडणंसुद्धा या बाईने जन्मभर जमिनीवर बसूनच केलं. यंत्राने तिला मांजरांत जमा केलं होतं.

तहाप्रमाणे आता "चल, पिशवी भर" म्हणता आलं असतं. धनेश आईशेजारी खाली बसला आणि तिथून खोली बघत राहिला. मग मांजरांची रवानगी परसात झाली, आणि बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर नुसता श्वासही टिपणारा नवा सेन्सर आला.

"आये, आता हलू नको. बोलू पण नको."

"मंग जगू कशी?"

तरी बसल्या. मोबाइलवर उमटलं: माणूस आहे.

"तुजाच श्वास धरला आसंल," गुणाबाई म्हणाल्या. "तू भायेर जा."

धनेश अंगणात गेला, दार ओढून घेतलं. आत शुकशुकाट. कधी गप्प न बसणारी त्याची आई, या घरात राहता यावं म्हणून दगडासारखी बसली होती. मोबाइलवरची अक्षरं जागची हलली नाहीत. तोही हलला नाही.

"झालं का रं? हलू मी?" आतून हाक आली.

"हल आये," तो म्हणाला, आणि दिपिकाला फोन लावला. "आई इथेच राहतेय."