सर, हात बदला

आमच्या हॉस्पिटलात सरांना थेट काही सांगायची पद्धत नव्हती. कुणी तसा नियम केला होता असं नाही आणि सर रागीट आहेत असंही नाही. उलट इतका सोशिक डॉक्टर मी दुसरा पाहिला नाही. पण सर म्हणजे सर. अलिबागच्या खाली, नारळी-सुपारीच्या वाड्यांमध्ये हे छोटं हॉस्पिटल त्यांनी उभं केलं. अर्ध्या गावाचा जन्म त्यांच्या हातचा, आणि ती मुलं आता आपापली पोरं घेऊन त्यांच्याकडेच येतात. अशा माणसाला 'सर, तुमचं चुकतंय' असं कोण म्हणणार? माझी तर जीभच टाळ्याला चिकटायची.

म्हणून आम्ही सिस्टर लोकांनी एक वाट काढली होती. लेकी बोले सुने लागे. सरांना सांगायचं ते पेशंटला सांगायचं. सर औषध लिहायला लागले आणि मला आठवलं की या आजीला त्या गोळीनं मागच्या खेपेला पुरळ उठलं होतं, तर मी आजीलाच विचारायचे, "आजी, मागं ती गोळी घेऊन अंगभर खाज सुटली होती ती तुम्हालाच ना?" आजी मान हलवायच्या, सरांचं पेन थांबायचं, दुसरी गोळी लिहिली जायची. कुणाचा मान गेला नाही आणि कुणाला खाज सुटली नाही. मला या पद्धतीचा चक्क अभिमान होता. नव्या मुली कामाला लागल्या की सलाइन लावायच्या आधी मी त्यांना हे शिकवायचे.

मग हॉस्पिटल चालवणाऱ्या ट्रस्टच्या मंडळींनी ठरवलं की इमर्जन्सीत काम करणाऱ्या सगळ्यांनी सीपीआरचं प्रशिक्षण घ्यायचं. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची, श्वास कसा द्यायचा, शॉक कधी द्यायचा, सगळं रीतसर. अलिबागला दोन दिवसांचा कोर्स आणि शेवटी परीक्षा. जो पास होणार नाही त्यानं इमर्जन्सीत उभं राहायचं नाही. हा नियम सरांनाही लागू होता. नापास झाले तर त्यांनी ओपीडीत बसून सर्दी-खोकला बघायचा. सर तेव्हा सत्तरीला टेकले होते. त्या दिवशी संध्याकाळी ते इमर्जन्सीतल्या रिकाम्या खाटेची चादर स्वतः सरळ करत उभे होते. ती खोली म्हणजे त्यांचं घरच. खऱ्या घरी ते नुसते जेवायला जातात. त्यांना तिथून उठवलं तर हा माणूस वर्षभरात वाळून जाईल, हे मला कळत होतं.

कोर्सला सर आणि मी एका जोडीत आलो. हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या आणि प्रत्येक सतरंजीवर रबराचा एक अर्धा माणूस निजलेला. डोकं, छाती, आणि पोटापाशी संपलेला. हात नाहीत, पाय नाहीत, चेहऱ्यावर मात्र आमच्या तलाठी कार्यालयातल्या क्लार्कसारखी शांतता. आम्ही त्याला काका म्हणू लागलो. काकांच्या खांद्यावर एक छोटा दिवा होता. छाती योग्य खोल आणि योग्य वेगात दाबली तर तो हिरवा लागायचा, नाहीतर विझायचा.

शिकवायला मुंबईहून रो-रो बोटीनं आलेली डॉक्टर होती. माझ्या भाचीच्या वयाची, केस घट्ट बांधलेली, गालावर हसू नाही. ती म्हणाली, "दाबणारा माणूस दमतो आणि दमलोय हे त्याला स्वतःला कळत नाही. म्हणून दर दोन मिनिटांनी हात बदलायचे, आणि त्याआधी दमला तर त्याआधी. शेजारच्यानं लक्ष ठेवायचं आणि स्पष्ट सांगायचं." मला हे अगदी सोपं वाटलं. सांगणं तर माझ्या हातचा मळ.

पहिल्या दिवशी दुपारी सराव परीक्षा झाली. सर गुडघ्यांची कुरकुर सांभाळत खाली बसले आणि त्यांनी सुरुवात केली. सुरुवात बघण्यासारखी होती. दिवा हिरवागार. मी मनात म्हटलं, जिंकलं. मग थोड्या वेळानं दिवा लुकलुकला आणि विझला. सर दाबतच होते, तोच वेग, तीच ऐट, पण छाती काही पुरेशी खाली जात नव्हती. सरांचं लक्ष काकांच्या चेहऱ्याकडे. आता मी सांगायला हवं होतं. आणि मी सांगितलंही. सवयीप्रमाणे खाली वाकून, गोड आवाजात मी विचारलं, "काका, अजून थोडं जोरात दाबलं तर सोसेल ना तुम्हाला?"

हॉलमध्ये जो हशा उठला तो थांबेना. न्हावा शेव्याच्या बंदराकडून आलेले दोन ब्रदर तर सतरंजीवर लोळले. पालीचे एक तरुण डॉक्टर चष्मा काढून डोळे पुसत होते. सरांच्या कानावर यातलं काहीही गेलं नव्हतं. ते दाबतच होते.

"सिस्टर, तुम्ही कुणाशी बोललात?" शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं.

"पेशंटशी."

"पेशंटचं हृदय बंद आहे. तो ऐकत नाही. ज्याचे हात आहेत त्याला सांगा." मग त्या सरांकडे वळून नरमाईनं म्हणाल्या, "सर, उद्या असंच झालं तर मी तुम्हा दोघांना पास करू शकणार नाही."

जिना उतरताना एक ब्रदर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सिस्टर, टेन्शन नका घेऊ, बिनधास्त चिल्लवायचं. अपने यहाँ तर क्रेनवाल्यालापण असाच सांगतात." मी हसले, पण मला रडू येत होतं. सरांच्या हातात अजून ताकद होती. फक्त ती लवकर संपत होती, आणि ती संपली की लगेच हात बदलले तर काहीच बिघडत नव्हतं. म्हणजे सरांची इमर्जन्सी आता त्यांच्या मनगटावर नव्हे तर माझ्या तोंडावर अवलंबून होती, आणि ते तोंड ऐन वेळी काकांशी गप्पा मारत बसलं होतं.

संध्याकाळी घरी आल्यावर मी पलंगावरची उशी जमिनीवर टाकली आणि तिच्यासमोर बसून सराव सुरू केला. "सर, हात बदला! सर, हात बदला!" माझ्या सासूबाई ओटीवर वाळलेल्या कोळंबीचे सोडे निवडत होत्या. त्या दारात येऊन बघत राहिल्या.

"काय गो बाय, त्या उशीनं काय केलाय तुजा? मारतंस कनाला तिला?"

"मारत नाही आई, जगवते."

"आसा जगवतान? मंग मेलेलीच बरी," असं म्हणून त्या परत सोडे निवडायला गेल्या.

नवरा म्हणाला, मी सर होतो, मला सांग. तो उशीसमोर बसला. त्याला मी पहिल्या फटक्यात सांगितलं, "सरका बाजूला, काही जमत नाही तुम्हाला!" शब्द सरसर आले, आवाज खणखणीत. नवरा म्हणाला, "हे तर रोजचंच झालं." त्याचं बरोबर होतं. नवऱ्याला सांगायला कुठे प्रशिक्षण लागतं?

एवढ्यात सरांचा फोन आला. ते नेहमीसारखे हळू बोलत होते. "सिस्टर, उद्या तुम्ही दुसरा जोडीदार घ्या. माझ्यामुळे तुमचं अडायला नको. माझं काय, झालं आता वय. ओपीडीत बसेन मी. तेही कामच आहे."

'सर, तुम्ही यायचंच' असं म्हणायला तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. मग मी फोन कानाला तसाच ठेवून नवऱ्याला मोठ्यानं सांगितलं, "अहो ऐकलंत का, उद्या मला अलिबागला सोडायला नको हो! सर घ्यायला येतायत सकाळी. फाट्यावर उभी राहणार आहे मी. आणि सर आले नाहीत तर मी दिवसभर तिथेच उन्हात उभी राहणार आहे, सांगून ठेवते!"

पलीकडून सर म्हणाले, "छत्री घेऊन उभ्या राहा," आणि फोन ठेवला.

सकाळी सर आले. वाटेत आम्ही दोघंही परीक्षेबद्दल एक शब्द बोललो नाही. यंदा आंबा कमी आहे, रेवदंड्याचा रस्ता किती खराब झालाय, असल्या गप्पा केल्या.

आमचा नंबर आला. सर बसले आणि दाबू लागले. दिवा हिरवा. मी श्वास द्यायचा फुगा धरून काकांच्या डोक्याशी, नजर दिव्यावर. सरांच्या कपाळावर घाम आला, टपटप सतरंजीवर पडू लागला, आणि दिवा लुकलुकला. एकदा, दोनदा. मी खाली बघितलं तर काकांचा चेहरा. काका शांतपणे माझ्याकडे बघत होते, जणू विचारा म्हणत होते. विचारा, सोसेल का म्हणून. खरंच सांगते, माझे ओठ 'का' म्हणायला उघडले होते. मग सरांच्या मानेवरची फुगलेली शीर दिसली आणि वाटलं, हा माणूस इथून हरून गेला तर ते माझ्या लाजेपायी.

"सर! तुमचे हात हलके पडतायत. हात बदला. मी घेते!"

आवाज एवढा मोठा निघाला की खाली चहाचे कप भरणारा माणूस जिन्यावर येऊन उभा राहिला. सरांनी मान वर केली. तीन पिढ्यांचा डॉक्टर, आणि त्यांच्या डोळ्यांत एखाद्या विद्यार्थ्याचं आश्चर्य. पुढच्या क्षणी ते बाजूला सरकले होते, माझ्या हातातला फुगा त्यांनी घेतला होता आणि मी दाबत होते. दिवा हिरवा. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पहिल्यांदा हसल्या. आम्ही दोघंही पास झालो.

परतताना सरांनी चहाला गाडी थांबवली. ग्लास हातात घेऊन ते रस्त्याकडे बघत म्हणाले,

"सिस्टर, एक विचारतो. आपल्या इमर्जन्सीत, खऱ्या पेशंटवर, माझे हात असेच हलके पडायचे?"

मी चहावाल्या मामांकडे बघितलं. सवय. पण मामांना काय विचारणार?

"कधी कधी, सर. एवढ्यात."

"आणि तेव्हा तुम्ही सांगायचात?"

"पेशंटला सांगायचे."

सर हसले नाहीत. मीही नाही. हॉलमध्ये याच सवयीवर सगळे पोट धरून हसले होते. ज्या पेशंटना मी इमर्जन्सीत असं गोड आवाजात विचारलं होतं, त्यातले एक-दोन चेहरे माझ्या डोळ्यांपुढे आले. सरांच्याही आले असणार. त्यांतलं कोण तसंही गेलंच असतं आणि कोण नसतं, हे आता देवही सांगणार नाही. सरांनी ग्लास ठेवला आणि म्हणाले, "इथून पुढे मला सांगायचं."

पावसाळा संपता संपता एके सकाळी शेजारच्या गावातले एक सुपारीचे बागायतदार छातीत दुखतंय म्हणून चालत आले. बायको सोबत होती. खाटेवर घेतलं, ईसीजीच्या पट्ट्या लावल्या, आणि बोलता बोलता त्यांचे डोळे फिरले, नाडी लागेना. सर दाबू लागले. नव्या मुलीनं शॉकचं मशीन ओढलं. इथे दिवाबिवा काही नव्हता. सरांचे खांदे थकताना मला दिसले आणि मी ओरडले, "सर, हात बदला!" सर सरकले, मी घेतलं. शॉक दिला. मी परत दाबू लागले, मग मी दमले आणि सर ओरडले, "सिस्टर, बदला!" असं आमचं चाललं असताना त्या माणसानं माझा हात ढकलला आणि कण्हत म्हणाला, "आवो, दुखतंय न्हवं!" इतकं गोड वाक्य मी आयुष्यात ऐकलं नाही. त्यांना अँब्युलन्सनं मुंबईला पाठवलं आणि मी स्टोअररूममध्ये जाऊन मनसोक्त रडले.

उन्हाळ्यात ते बागायतदार आणि त्यांची बायको परत आले, स्वतःच्या पायांनी, पांढऱ्या कांद्याची एक माळ घेऊन. सरांचा चहा नुकताच टेबलावर आला होता. बागायतदार इमर्जन्सीतच सरांच्या पाया पडायला वाकले. "तुमच्या हातान वाचलो, डाक्टर."

सरांनी त्यांना धरून उभं केलं. आयुष्यात सरांनी कुणा सिस्टरचं तोंडावर कौतुक केल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशीही केलं नाही. माझ्याकडे पाठ करून ते बागायतदारांच्या बायकोला म्हणाले, "वहिनी, माझे हात थकले होते. यांना सांगा, आमच्याकडे एक सिस्टर आहेत. त्या ओरडल्या नसत्या तर मी नुसता दाबत बसलो असतो."

वहिनी बावचळून एकदा सरांकडे आणि एकदा माझ्याकडे बघू लागल्या. माझे डोळे भरून आले होते, पण उत्तर देणं भाग होतं. मी त्यांच्या नवऱ्याला म्हटलं, "काका, सरांना सांगा, चहा निवतोय."