जिथं तुटलं तिथून

शेवटच्या भेटीत भाऊंनी मला एक गोष्ट अर्धीच सांगितली. ते शिंदखेड्याच्या तारऑफिसात नवे होते तेव्हाची. एका घरी तार घेऊन गेले. तार म्हणजे कोणीतरी गेलं, एवढंच तेव्हा लोकांना ठाऊक. दार उघडलं, खाकी कपडे दिसले आणि पाकीट फोडायच्या आधीच घरभर रडारड सुरू झाली... इतक्यात इंजेक्शन द्यायला नर्स आली. "उरलेलं उद्या," भाऊ म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या पत्नीचा, आमच्या अक्कांचा, फोन आला. भाऊ पहाटे गेले होते.

त्याला आता तीन आठवडे झाले. खरं सांगते, दुःखाइतकाच मला रागही आला. गोष्ट अर्धी टाकून जाणं भाऊंच्या स्वभावातच नव्हतं.

धुळ्यात देवपूरला आमची घरं समोरासमोर. नव्वदचं दशक संपत आलं तरी गल्लीत फोन एकच, भाऊंचा. सगळ्यांच्या लग्नपत्रिकांवर आणि अर्जांवर त्यांचाच नंबर, पुढे ‘पी.पी.’ लिहिलेला. बोलता बोलता घंटी वाजली की भाऊ उठत, ज्याचा फोन असेल त्याला हाक मारून येत, आणि परत बसले की वाक्य जिथं तोडलं होतं त्याच शब्दापासून पुढे चालू. आम्ही पोरी तोंड दाबून हसायचो.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी माझे डोळे गेले. मी कॉलेज सोडलं आणि घरच्यांवर खेकसत बसण्याचा उद्योग धरला. निवृत्त झाल्यावर भाऊंनी हौसेनं कॉम्प्युटर घेतला होता, पाठोपाठ इंटरनेटही. पडद्यावरचं इंग्रजी मोठ्यानं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम परदेशात मिळतो, हे त्यांनीच शोधून काढलं. "तो उतरला म्हणजे तुझं तू वाचशील," ते म्हणाले. मला त्या एका वाक्याची आशा लागली. पण फाइल अगडबंब, दोन-तीन तास लाइन अखंड हवी, आणि तोवर गल्लीचा फोन बंद. कोणीतरी येऊन सवयीनं रिसीव्हर उचलायचं, मोडेमची चिरचिर तुटायची, आणि पुन्हा पहिल्यापासून श्रीगणेशा.

चौथ्या खेपेला भाऊ मला आकडे वाचून दाखवत होते. नव्वद टक्के... एक्क्याण्णव... आणि दारात शेजारच्या विमलबाई. "भाऊ, मनी पोर नरडाणाले शे. दिवस भरनात. फोन येवाना शे." भाऊंनी लगेच वायर काढली.

"भाऊ, थोडंच राहिलं होतं!" मी ओरडलेच.

"पोरी, फाइल पुन्हा येईल," ते म्हणाले. थोड्या वेळानं घंटी वाजली, विमलबाईंना नात झाली. गल्लीला पेढे मिळाले. मी खाल्ला नाही, आणि आठ दिवस भाऊंच्या घरची पायरी चढले नाही.

नवव्या दिवशी तेच आले. जळगावला भाच्याच्या कॉम्प्युटर क्लासमधून एक फ्लॉपी आणली होती. तिच्यात डाउनलोड मॅनेजर होता. अहिराणीवर यायचे ते फार खूश असले की. "आते कोनी बी तोडू दे. जठे तुटनं तठूनच पुढे सुरू व्हई!" गल्ली जेवून आडवी व्हायची त्या वेळी, दुपारी एकला, तो आपोआप नंबर फिरवायचा. अर्ध्या तासानं लाइन सोडायचा, गल्लीचे फोन येऊ द्यायचा, मग पुन्हा लावून उरलेलं आणू लागायचा. भाऊंनी ते सगळं ठरवून दिलं होतं. कोणालाही नाही म्हणायचं नव्हतं, आणि मलाही. माझा राग तिथंच विरघळला.

चार दुपारी लागल्या. रस्त्यात बायका मला अडवून विचारायच्या, "किती उतरनं व?" विमलबाई तर नात मांडीवर घेऊन शेजारी येऊन बसायच्या. शेवटी त्या यंत्रानं माझं नाव गोऱ्या साहेबासारखं उच्चारलं तेव्हा अक्का खो खो हसल्या, आणि मी मात्र ढसाढसा रडले. त्याच वर्षी मी पुन्हा कॉलेजात नाव घातलं. जिथं सोडलं होतं, तिथूनच. आज भाषांतरं करून स्वतःचं पोट भरते. हा लेखही तशाच एका आवाजाच्या सोबतीनं टाइप करते आहे.

परवा भेटायला गेले. भाऊंच्या वेताच्या खुर्चीवर अक्कांनी मला बसवलं. मी म्हणाले, "अक्का, भाऊंनी ती तारेची गोष्ट अर्धीच ठेवली."

"कोठलोंग उनी व्हती?" अक्कांनी विचारलं.

"दार उघडलं, आणि सगळे रडायला लागले... तिथवर."

अक्का जवळ सरकल्या. लुगडं सळसळलं.

"मंग आइक," त्या म्हणाल्या. "ते दार मीच उघाडं व्हतं..."