सिस्टरबाई आणि गारठ्यातलं लेकरू

सिस्टरबाई कुणाच्याही घरी आल्या की आधी चुलीपाशी जायच्या. नवख्या माणसाला वाटायचं, बाई चहाला आल्या. त्या मात्र जाळावर तळहात शेकायच्या, ते स्वतःच्या गालाला लावून पाहायच्या आणि मगच बाळाला हात लावायच्या. "आपला हात थंडा, तं लेकरू थंडं," एवढंच त्यांचं शास्त्र.

गोंदिया जिल्ह्यात, दरेकशाकडच्या जंगलपट्ट्यातल्या एका गावात मी शाळामास्तर होतो आणि त्या तिथल्या उपकेंद्राच्या नर्स. जानेवारीत आमच्याकडे पडणारी थंडी बाहेरच्यांना सांगून पटत नाही. सकाळी धानाच्या बांधीतल्या तणसावर दहिवर गोठलेलं असायचं, शाळेतल्या पोरांच्या हातात पेन्सिल ठरत नसे. गाव शेकोट्यांभोवती बसलेलं असताना सिस्टरबाई साडीवर पुरुषी स्वेटर, डोक्याला कानटोपी आणि पायात कॅनव्हासचे बूट घालून बाळंतिणींची घरं पालथी घालत. "कायले फिरता एवढ्या थंडीत?" असं कुणी म्हटलं की त्या उत्तर देत, "थंडीत लेकरू रडत नाही, चूप होते. चूप लेकराची खबर कोन देईन मले?"

त्या हिवाळ्यात माझी बायको सुनंदा हिला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. पहाटे उपकेंद्रात मुलगी झाली. सिस्टरबाईंनी तिला पुसून वजन केलं. दोन किलोही नव्हती. लगेच त्यांनी दवाखान्याच्या गाडीसाठी फोन लावला. वाटेवर दाट धुकं होतं, गाडीला दोन-तीन तास लागणार होते. सुनंदाला हुडहुडी भरली होती. तिचंच अंग गार पडत होतं. मुलगी क्षीण आवाजात रडली आणि गप्प झाली.

सिस्टरबाई माझ्याकडे वळल्या. "गुरुजी, सदरा काढा."

मी गोंधळून बटणांना हात घातला. माझी आई चिडली. "बाप्याच्या छातीवर लेकरू? काऊन बाई, लोक हसतीन ना! मी शेगडी आनतो, न्हाऊ घालतो तिले."

"हसू द्या लोकाईले," सिस्टरबाई म्हणाल्या. "पानी लावू नका, आजी. शेगडीच्या धुरानं तिचा दम घुटीन. लेकरू थंडं पडून राहिलं, बाप गरम आहे. बस, इतकीच गोष्ट आहे."

त्यांनी फक्त टोपडं-मोजे घातलेली उघडी मुलगी माझ्या छातीवर उभी ठेवली, सुनंदाच्या लुगड्याने आम्हा दोघांना बांधलं आणि वरून घोंगडी टाकली. माझ्या कातडीला ती ओल्या गार दगडासारखी लागली. मी भीतीने श्वासही जपून घेत होतो. "जोरानं दम घ्या, गुरुजी. तिले तुमचा दम समजला पाहिजे," त्या म्हणाल्या. दर थोड्या वेळाने त्या तिची पावलं चाचपत. मधेच, मी न विचारता, त्या हळू आवाजात बोलल्या. "नोकरीच्या पहिल्या वर्षी एक लेकरू माह्या हातात थंडं पडलं. मले तवा काहीच मालूम नव्हतं." एवढं बोलून त्या सुनंदाला गरम पाण्याच्या बाटल्या लावायला उठल्या.

तासाभराने मुलीने माझ्या छातीवर तोंड घासलं आणि खणखणीत रडली. आई भिंतीला टेकून खाली बसली आणि तीही रडायला लागली.

गाडी आली. गोंदियाच्या दवाखान्यात मी तसाच, मुलीसकट घोंगडी पांघरून उतरलो. डॉक्टरांनी मुलगी तपासली आणि विचारलं, "इसको बांधा किसने?" मी आमच्या सिस्टरबाईंचं नाव सांगितलं तेव्हा माझी मान आपोआप ताठ झाली होती.

पुढच्या हिवाळ्यांत गावातले तीन बाप असे बांधून घेऊन बसले. कुणी हसलं नाही.

सिस्टरबाई निवृत्त होऊन आमगावला राहायला गेल्या. गेल्या वर्षी मी मुलीला घेऊन त्यांना भेटायला गेलो. ती आता सातवीत आहे, उंचीला माझ्या खांद्याशी. मी तो सगळा प्रसंग सांगितला. त्यांनी तिला निरखून पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि ओशाळून हसल्या.

"खरं सांगू गुरुजी? मले आठवून नाही राहिलं. असे लगित लेकरं झाले, मोजता नाही येत इतके."

क्षणभर मन खट्टू झालं. मग लक्षात आलं, आमच्या जन्माला पुरलेली ती सकाळ त्यांच्यासाठी कामाची एक सकाळ होती. मी मुलीला म्हटलं, "पाया पड." ती वाकली.