धुक्यात घेतलेली चौकी

१५ ऑगस्ट २०१८, सकाळी सव्वासहा वाजता मी आमच्या गावच्या शाळेच्या मैदानावर चुन्याने धावपट्टी आखत होतो. मागून आवाज आला, "रेघ वाकडी होऊन राह्यली, बाबू. राहू दे, पोरंबी कुठं सरळ पळतात?" सखारामआबांना गावात सगळेच ओळखतात, ते मला ओळखू लागले ते त्या सकाळपासून. दहावीला नापास होऊन मी घरी बसलो होतो. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला भरतीच्या मुलांबरोबर पळायला लावले.

साखरखेर्ड्याच्या आसपासची कितीतरी मुले आबांनी अशी तयार केली. कोणाकडून काही घेतले नाही. मी भरतीत छातीच्या मापात बाद झालो, त्या दिवशी चिखलीहून परतताना ते जीपमध्ये माझ्या शेजारी होते. उतरल्यावर गरम भजी घेतली आणि म्हणाले, "खाय. छाती भरन."

आबांच्या अमृतमहोत्सवाच्या या ग्रंथात त्यांच्या युद्धातील कामगिरीवर लिहिण्याचे काम समितीने मला दिले, कारण माझे लेखन शुद्ध असते. गावाला माहीत असलेली हकीकत सोपी आहे. एकाहत्तरच्या लढाईत पायदळात शिपाई असलेल्या आबांनी शत्रूची चौकी एकट्याने घेतली. म्हणून पोळ्याला तोरणाखालून पहिली बैलजोडी नेण्याचा मान गावाने त्यांना दिला. पण दर पोळ्याला आबा आपली जोडी तोरणासमोर थांबवतात आणि दुसऱ्याची पुढे जाऊ देतात. "चौकीत घुसले अन् तोरणाले भेता का, आबा?" असे म्हातारे चिडवतात. आम्ही त्याला विनय समजत होतो.

मी हे सारे लिहून आबांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "हे छापलं तं मी स्टेजवर येत नाही."

मग त्यांनी सांगितले. पहाटे दाट धुके होते. बीबी गावचे युनूसभाई त्यांचे जोडीदार. हुकूम होताच दोघे बरोबर धावत निघाले आणि आबांची वाट चुकली. धुके विरले तेव्हा ते शत्रूच्या चौकीत उभे होते. चौकी रिकामी होती. मागून आलेल्यांनी त्यांना खांद्यावर घेतले. युनूसभाई नेमून दिलेल्या वाटेने सरळ गेले होते. ते त्या वाटेवरच पडले.

"तो बराबर गेला, मी चुकलो. अन् मान मले. काऊन?"

मी विचारले, "पण आबा, तुम्ही मागं तर नाही फिरलात?"

"मागं कसा फिरतो? मागं कोणीकडं हाय तेच समजत नव्हतं."

समितीचे अध्यक्ष म्हणाले, "गौरवात असं लिहीत नसतात बे." तेही बरोबर असेल. मग म्हणाले, "छाप. पण खाली नाव तुझं राहीन." धुक्यात एकट्याने पुढे जात राहणे हे शौर्य की चूक, हे मी अनेकदा लिहिले आणि खोडले. मला अजून कळलेले नाही. म्हणून आबांनी सांगितले तेवढेच ठेवले आहे.

काल ते त्यांना वाचून दाखवले. युनूसभाईंचे नाव आले तिथे त्यांनी मला थांबवले आणि पुन्हा वाचायला लावले. नंतर म्हणाले, "सदरा इस्त्रीले दे. येतो मी."

बीबीत युनूसभाईंच्या घरचे आता कोणी राहत नाही. ते कसे हसत, धावताना कशी शीळ घालत, हे आठवणारे आमच्या माहितीत आबा एकटेच आहेत. त्यासाठीही सखारामआबांना निरोगी शंभर वर्षे लाभोत, अशी मी मनापासून प्रार्थना करतो.