खिळ्यावरचं कॅलेंडर

काटई नाका मागे पडला तेव्हा मेघनाने चपला काढून हातात घेतल्या. शीळफाट्याला बस तासभर जागची हलली नव्हती, म्हणून आम्ही दोघी उतरून डोंबिवलीच्या दिशेने चालत निघालेलो. समृद्धीच्या साखरपुड्याहून परतत होतो. बीएस्सीला फिजिक्स घेतलेल्या आम्ही तिघीच मुली, त्यातली ती तिसरी.

"तिथे सगळे मला एकच विचारत होते," मेघना म्हणाली. "अजून वागळे इस्टेटलाच का गं? जसं काही मी तिथे हौसेने मुक्कामाला गेलेय."

मला हसू आलं नाही. ती तिथे का आहे, हे मला माहीत होतं.

मेघना डोंबिवलीजवळच्या कोपरची. तिचे वडील, शिवरामकाका, एका कारखान्यात फिटर होते. मुलगी शेवटच्या वर्षाला गेली तेव्हाच त्यांनी पदवीच्या फ्रेमसाठी दारासमोरच्या भिंतीत खिळा ठोकून ठेवलेला. वर्गात मराठी माध्यमातून आलेल्या आम्ही दोघीच. 'त्वरण' म्हटलं की कळायचं, 'ॲक्सिलरेशन' म्हटलं की एकमेकींकडे बघायचो. पण डोकं होतं ते तिला. मी पाठ करायचे, ती पटेपर्यंत सरांशी भांडायची.

लंबकाच्या प्रयोगातून गुरुत्वाकर्षणाचा 'जी' काढायचा असतो. उत्तर सेंटिमीटरमध्ये नऊशे ऐंशीच्या आसपास यायला हवं, हे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे आमच्याकडे रीतच पडलेली. आधी उत्तर धरायचं, मग उलटं गणित करून झोक्यांच्या वेळा लिहायच्या. लंबक आपला नुसता हलत राहायचा. मेघना तेवढी खरोखर वीस-वीस झोके मोजायची.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी सराव करताना माझ्या हातून स्टॉपवॉच फरशीवर पडलं. टिकटिक चालू होती. मी ते ओढणीने पुसून डबीत ठेवलं, मनात गणपतीचं नाव घेतलं आणि गप्प बसले.

परीक्षेत त्या लंबकावर आम्ही पाच जण होतो. मेघनाचं उत्तर आलं एक हजार पन्नास. तिने पुन्हा मोजलं, परत तेच. मग तिने स्टॉपवॉच भिंतीवरच्या घड्याळाशी लावून बघितलं. मिनिटाला दोन सेकंद मागे पडत होतं. ती तशीच सरांकडे गेली.

"त्याच घड्याळावर बाकी चौघांचं बरोबर आलं," सर म्हणाले. "तुला बघून ते हळू चालतं का?"

सगळे हसले. त्या चौघांत मी होते. बोलले असते तर माझ्या वेळा कुठून आल्या, तेही निघालं असतं. मी माझ्या उत्तराखाली रेघ मारली.

मेघनाने एक हजार पन्नासच लिहिलं. ती नापास झाली. सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा देऊन पास झाली, पण तोवर एमएस्सीचे प्रवेश उरकलेले आणि शिवरामकाकांचा विश्वासही उडालेला. पदवी आली ती त्यांनी ट्रंकेत टाकली. खिळ्यावर आता कॅलेंडर असतं. मेघना वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये सुट्या भागांची मापं तपासते. मी एमएस्सी करून कल्याणच्या एका कॉलेजात शिकवते. निकालानंतर मी टिटवाळ्याला जाऊन गणपतीपुढे पेढे ठेवलेले. ते आठवलं की तोंड कडू होतं.

मानपाड्याच्या अलीकडे मी तिला सगळं सांगून टाकलं.

ती थांबलीसुद्धा नाही. "माहितेय. डबीत काचेचा टवका होता. आदल्या दिवशी शेवटी लॅबमध्ये तूच होतीस."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय? म्हणाले असते, आता मैत्रिणीवर ढकलतेय. तू बोलशील म्हणून थांबले. सात वर्षं." थोडं चालून तिने विचारलं, "देवाला सांगितलंस?"

"रोज सांगते."

"त्याला काय, आधीच माहीत होतं. ज्याला माहीत नाही त्याला सांग ना, श्रिया."

तिने चपला खाली टाकल्या आणि पायात घातल्या.

"बाबा अजून आल्यागेल्याला सांगतात, पोरीने शेवटच्या वर्षाला टंगळमंगळ केली. माझं ऐकत नाहीत. तू प्रोफेसर, तुझं ऐकतील. आत्ता चल कोपरला. चहा नको घेऊस, बसूही नकोस. नुसती दारात उभी राहा आणि त्यांना सांग, घड्याळ तू पाडलेलंस आणि मी झोके बरोबर मोजलेले."