न पेटलेल्या दिव्याचं रीडिंग

जयवंताबाईंना फिजिक्स येत नाही, याबद्दल कर्जतच्या त्या कॉलेजात कुणालाच शंका नव्हती. दहावी पास बाई, रोज कडावहून शेअर रिक्षाने येणारी, लॅबमध्ये पुसापुशीला ठेवलेली. तिला काय येणार? खुद्द बाईंनाही पहिलं वर्षभर तसंच वाटत होतं.

मग एके दिवशी त्यांनी लोलकांचं खोकं झटकायला काढलं. एक गोळा पितळेचा, चांगला जड. दुसरा लाकडाचा, अगदीच हलका. जड गोळा जोरात झुलणार हे काय कुणी सांगायला हवं? बाईंनी सहज गंमत म्हणून दोन्ही गोळे सारख्या लांबीच्या दोऱ्यांना टांगले आणि एकदम सोडले. दोघे जोडीने गेले, जोडीने परत आले. लाकडाचा आधी दमला, त्याचा झोका लहान झाला, पण चाल काही बदलली नाही. बाईंनी तीनदा करून पाहिलं आणि त्यांना चक्क राग आला. आपण जन्मभर इतक्या खात्रीने चुकत होतो! त्या दिवसापासून त्यांनी ठरवून टाकलं, की करून पाहिल्याशिवाय कुणाचंही काही मानायचं नाही. अशी माणसं नोकरीत फार त्रासाची असतात.

सोळा वर्षं झाली त्याला. दरवर्षी जूनमध्ये अकरा महिन्यांची कंत्राटी ऑर्डर मिळते आणि बाई लॅब उघडतात. सुरुवातीच्या मुलांचे प्रयोग पाहून पाहून त्यांना सगळे यायला लागले. पुढच्या मुलांना मात्र येईनासे झाले, कारण ती मुलं प्रयोग करतच नव्हती. या कॉलेजात आकडे वारशाने मिळत. मागच्या वर्षीच्या हुशार मुलाची प्रयोगवही स्टेशनसमोर झेरॉक्स व्हायची आणि तीच सगळी उतरवायची. गुरुत्वाचा आकडा सेंटिमीटरमध्ये नऊशे ऐंशी यायलाच हवा ना? मग तो आधी लिहायचा आणि मागे मागे जात लोलकाचा वेळ काढायचा. गोळ्याला हातसुद्धा न लावता!

बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला प्लांकच्या स्थिरांकाचा प्रयोग होता. त्याची एक पेटी. तीत चार एलईडी दिवे, लाल, पिवळा, हिरवा, निळा. बटण फिरवून व्होल्टेज हळूहळू वाढवायचं आणि कुठला दिवा किती व्होल्टला पेटतो ते लिहायचं. लाल सगळ्यात आधी पेटतो, निळा सगळ्यात शेवटी. त्या आकड्यांचा ग्राफ काढला की रेषेच्या उतारावरून स्थिरांक निघतो.

यातला पिवळा दिवा कधीच मेला होता. बाईंनी त्यावर चिकटपट्टी लावून ‘बंद’ असं लिहिलं होतं. विभागप्रमुख जगदीश सरांना तीनदा सांगितलं, तीनदा ते ‘बघू’ म्हणाले. आणि तरीही दरवर्षी प्रत्येक वहीत पिवळ्याचं रीडिंग असायचं, एक पूर्णांक अठ्ठ्याण्णव व्होल्ट. मेलेला दिवा वीस-वीस वह्यांमध्ये सुखाने पेटत होता. पहिल्या वर्षी बाई हसल्या. दुसऱ्या वर्षी त्यांचं डोकं फिरलं.

त्याच्या पुढच्या वर्षी वर्गात तेजश्री होती. डोंगरावरच्या ठाकरवाडीतून तासभर चालत खाली यायची, तरी रिक्षाने येणाऱ्या मुलांच्याही आधी पोचायची. झेरॉक्स आणायची तिला सवय नव्हती. ती सरळ पेटीसमोर बसली.

“मावशी, हा लाल आधी का पेटतो?”

“आमच्या कडावच्या डेअरीवर दूध कसं मिळतं? पिशवीनं. अर्धी पिशवी फाडून देत्यात का कोणी?”

“नाय.”

“तसा परकाश पन पिशवीनंच सुटतो, धार धरल्यावानी नाय. लालची पिशवी ल्हान, निळ्याची मोठी. एक पिशवी भरंल एवढा जोर दिल्याबिगर दिवा पेटत नाय.”

तेजश्रीने बटण फिरवायला घेतलं. मग तिने रीडिंग घेतली, तीन. स्थिरांक आला सहा पूर्णांक एक. पुस्तकात सहा पूर्णांक त्रेसष्ट.

“आणि पिवळ्याचं काय लिहू?”

“पेटला का?”

“नाय.”

“मग झालं तर.”

एप्रिलमध्ये परीक्षा आली. बाहेरच्या परीक्षक म्हणून पनवेलकडच्या एक मॅडम आल्या. त्या दिवशी बाई लॅबमध्ये पोचल्या तर पिवळ्यावरची चिकटपट्टी कुणीतरी काढून टाकली होती. जगदीश सर दारातच उभे होते.

“जयवंताबाई, आज फक्त पाणी द्यायचं. तोंड उघडायचं नाही. जूनची ऑर्डर माझ्या सहीनेच जाते, माहीत आहे ना?”

बाईंना माहीत होतं. त्यांनी ग्लास विसळायला घेतले.

मॅडम वह्या चाळत तेजश्रीपाशी आल्या. “बाकी सगळ्यांची चार रीडिंग आहेत, तुझी तीनच. आणि उत्तर एवढं चुकलेलं?”

“पिवळा पेटतच नाय मॅडम.”

मॅडमनी बटण फिरवून पाहिलं. खरंच पेटेना. जगदीश सर लगबगीने पुढे झाले. “आज सकाळीच गेला असेल. हिने वर्षभर आळस केला, आता दिव्यावर ढकलतेय.”

मॅडमचं पेन ‘प्रयोग अपूर्ण’ असं लिहायला कागदावर टेकलं. या गुणांवर मुलीचं एमएस्सी अवलंबून होतं. तेजश्रीचे डोळे भरून आले, पण तिने वही मागे घेतली नाही. वर्गातल्या बाकीच्या एकोणीस जणांपैकी एकानेही मान वर केली नाही. बाईंच्या हातात ट्रे होता. जूनची ऑर्डर त्यांना अगदी डोळ्यांसमोर दिसत होती आणि तोंडातला शब्दही मागे फिरत नव्हता. त्यांनी ट्रे टेबलावर आपटला.

“दोन वर्षं झाली तो दिवा मरून!”

“जयवंताबाई!” सर ओरडले.

“वरडू नका सर. तुमाला तीनदा सांगितलंय.” बाई पुढच्या बाकाकडे वळल्या. “काय रं ऋतिक, तुज्या वहीत पिवळा हाय. पेटलेला पाह्यलास का कधी?”

ऋतिकने सरांकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. “नाय मावशी.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. चष्मा पुसला. मग शांतपणे एकोणीस वह्या गोळा करून कपाटात कोंडल्या आणि सगळ्यांना कोरे कागद दिले. “तीन दिवे आहेत ना? मग तिन्हीवर करा. आत्ता, माझ्यासमोर.”

दुपारपर्यंत लॅबमध्ये नुसता गोंधळ. कुणाचं पाच पूर्णांक आठ आलं, कुणाचं सात, एकाचं तर नऊ. त्या खोलीत पहिल्यांदाच कुणाचं उत्तर कुणाशी जुळलं नाही. मॅडम प्रत्येकाला चूक कुठून आली असेल ते विचारत होत्या, आणि मुलं चक्क भांडत होती, दिवा पेटला म्हणजे नेमकं कधी म्हणायचं यावरून. तेजश्रीला वहीचे पूर्ण गुण मिळाले.

जयवंताबाईंना सोमवारी मेमो मिळाला. वरिष्ठांच्या परवानगीशिवाय बाहेरच्या परीक्षकांसमोर बोलल्याबद्दल लेखी माफी मागावी, अन्यथा जूनच्या ऑर्डरचा विचार केला जाणार नाही.

बाईंनी तो दोनदा वाचला. स्टूल ओढलं, लॅबच्या टेबलावर कागद सपाट केला आणि सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं काढत लिहिलं:

“माझ्याकडून चूक झाली. मॅडमना मी दोन वर्षं सांगितली. नीट मोजली तर दोन वर्षं आणि चार महिने होतात. त्याबद्दल माफी असावी.”

खाली सही केली आणि कागद स्वतः सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला.